पोशाख जपला, शिवणारी कुठे गेली?

भानू अथैया मूळच्या कोल्हापूरच्या, माहेरच्या राजोपाध्ये. ‘गांधी’ चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ साली जॉन मोलो यांच्याबरोबर त्यांना ऑस्कर मिळालं. भारताचं हे पहिलंच ऑस्कर. २०१२ मध्ये त्यांनी ते अमेरिकेतल्या अकादमीकडे परत पाठवलं. आपल्यामागे इथे ते कोणी नीट सांभाळेल, याचा त्यांना भरवसा नव्हता. कसा असेल? शांतिनिकेतनातून टागोरांचं नोबेल पदक २००४ साली चोरीला गेलंच होतं. २०२० मध्ये भानूताई गेल्या, आणि त्यांची चित्रं-रेखाटनं लिलावात निघाली. ज्याची ऐपत, त्याच्या घरी गेली.

पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून आहे. मुंबईत गुलशन महालात २०१९ साली सिनेमाचं संग्रहालय उघडलं. चांगलं झालं. पण फिल्मचं रीळ जपणं वेगळं आणि जरीचा शालू, केसांचा टोप, लगद्याचा मुकुट जपणं वेगळं. कापडात घाम मुरलेला असतो. कसर लागते, जर काळी पडते, घडीवर कापड विरतं. त्याला अंधार लागतो, कोरडी हवा लागते आणि रोज लक्ष घालणारं पगारी माणूस लागतं.

शिवाय लागते नोंदवही. तिच्यात सहसा काय असतं? चित्रपट, साल, दिग्दर्शक, नटी. कापलं कोणी, शिवलं कोणी, टिकल्या कोणी टाकल्या? तो रकानाच नाही! ‘राजा हरिश्चंद्र’च्या वेळी, १९१३ साली, सरस्वतीबाई फाळके सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करून फिल्मला भोकं पाडायचं कामही करत होत्या.  हिंदी सिनेसृष्टीत तर रंगभूषाकार म्हणून बाईला संघटनेचं कार्डच मिळत नसे. केस करायचे तेवढे बाईने. सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी मोडली ती २०१४ मध्ये. ज्यांना कार्डच नव्हतं, त्यांची नोंद राहणार कुठून?

‘वस्तू तरी वाचू देत, नावं मग बघू,’ असं सांगतात. हे ‘मग’ आपण फार वर्षं ऐकतो आहोत. शिवणारी म्हातारी गेली की नाव गेलंच.

आपल्या पिंपळे सौदागरातल्या ब्लाउज शिवणाऱ्या, फॉल-पिको करणाऱ्या बायकांना एकदा असे पोशाख उलटे करून दाखवा. हातशिलाई की मशीन, घाईने आत घेतलं की नंतर उसवून सैल केलं, हे त्या अस्तर बघून सांगतील. संग्रहालयांनी त्यांना मानधन देऊन बोलवावं. प्रत्येक वस्तूपुढे ‘करणारी/करणारा’ हा रकाना घालावा, आणि नाव सापडलं नाही तर ‘नाव नोंदवलं नाही’ असं पाटीवर लिहावं. कपडेपट सांभाळलेल्या, केस केलेल्या बायका आपल्या ओळखीत असतील तर गटांनी त्यांच्याकडे जाऊन बोलणं रेकॉर्ड करावं, जुने फोटो मागावेत, आणि एक प्रत संग्रहालयाला द्यावी. पोच मात्र लेखी घ्यावी.