सेवा करणाऱ्याच्या उशाशी

कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरील नृसिंहवाडीला येणारा प्रत्येक जण केवळ दर्शन घेऊन, पेढे बांधून परततो असे नाही. मनाच्या वा शरीराच्या दीर्घ व्याधीने जर्जर झालेल्या आप्तांना घेऊन अनेक कुटुंबे सेवेसाठी येथे मुक्काम करतात. पादुकांचे दर्शन, प्रदक्षिणा, पारायण असा त्यांचा दिनक्रम. येणाऱ्या-जाणाऱ्यांची दृष्टी रुग्णावर खिळते. त्याचा हात धरून चालणाऱ्या साठी-पासष्टीच्या पत्नीकडे, आईकडे वा सुनेकडे सहसा कोणी पाहत नाही.

दत्तसंप्रदायाच्या प्राणग्रंथात, गुरुचरित्रात, मात्र तिची नोंद आहे. क्षयाने खंगलेल्या पतीला माहूरहून गाणगापुरी नेणारी ती साध्वी पती खाईल तेवढेच अन्न घेत असे आणि त्याला दिलेले औषध स्वतःही घेत असे. पातिव्रत्याचा आदर्श म्हणून ही कथा घरोघरी वाचली जाते आणि ते उचितच आहे. परंतु सेवा करणारा माणूस रुग्णाबरोबर स्वतःही झिजतो, हेही ती कथा सांगते. तिकडे आपले लक्ष का जात नाही?

आज हे औषध वेगळ्या अर्थाने वाटून घेतले जात आहे. सासूबाई रात्रभर जाग्या राहतात म्हणून डॉक्टरांनी झोपेची गोळी लिहून दिलेली असते. त्यातील अर्धी एके रात्री सूनबाई घेतात, कारण पहाटे पुन्हा उठायचे असते. महिन्याभरात अर्धीची एक होते. रुग्णाला उचलून कंबर धरते, म्हणून वेदनाशामक गोळी रोजची होते. तिचा भार मूत्रपिंडांवर आणि जठरावर पडतो. पत्नीच्या अंथरुणाशी बसून राहणारे निवृत्त गृहस्थ रात्री 'थोडीशी' घेऊ लागतात. आणि मिश्री? तिला तर आपल्याकडे व्यसन म्हणण्याचीच पद्धत नाही.

अल्प्राझोलाम, डायझेपाम यांसारखी औषधे वृद्ध शरीरातून सावकाश बाहेर पडतात. रात्री उठताना तोल जातो, मांडीचे हाड मोडते आणि एका घरात दोन रुग्ण होतात. मद्याबरोबर तीच गोळी घेतल्यास श्वास मंदावून जीवावर बेतू शकते. सवय लागल्यावर ती एकदम थांबवणेही धोक्याचे, झटके येऊ शकतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच ती कमी करावी लागते. म्हणून 'उद्यापासून बंद' हा घरातील मुलांचा हुकूम सद्हेतूचा असला तरी घातक ठरतो.

भारतात साठीपुढील सुमारे 88 लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. यांतील बहुतेकांना सांभाळतात ती घरचीच माणसे. एकत्र कुटुंबाचा आपल्याला अभिमान आहे. परंतु अनेक घरांत 'आम्ही आईला वृद्धाश्रमात ठेवले नाही' असे सांगणारा मुलगा परगावी असतो आणि आईला प्रत्यक्ष सांभाळणारी व्यक्ती स्वतःच साठी ओलांडलेली असते. आईवडिलांच्या पालनपोषणाचा कायदा 2007 मध्ये झाला. तो हयगय करणाऱ्या मुलांना जाब विचारतो. हयगय न करणाऱ्याला मात्र चार तासांची उसंत देण्याची तरतूद त्यात नाही.

ती उसंत शेजारीपाजारी देऊ शकतात. वस्तीत रुग्णसाहित्य केंद्र चालवणाऱ्या, आरोग्य शिबिरे भरवणाऱ्या कार्यकर्त्यांनी आठवड्यातून एक दुपार अशा घरी रुग्णापाशी बसावे, म्हणजे त्या बाईला झोपता येईल, देवळात जाता येईल, तिचा स्वतःचा रक्तदाब तपासून घेता येईल. तिला दोष देऊन, 'व्यसनी' असा शिक्का मारून काही साधणार नाही. मनावरचा भार असह्य झाल्यास 14416 हा शासनाचा टेलिमानस क्रमांक विनामूल्य आहे, आणि त्यावर मराठीतही बोलता येते.

औषध दुकानदारांचाही यात वाटा आहे. अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम ही औषधे मार्च 2014 पासून 'एच-1' अनुसूचीत आहेत. चिठ्ठीशिवाय ती देता येत नाहीत आणि प्रत्येक विक्रीची स्वतंत्र वहीत नोंद ठेवून ती तीन वर्षे जपावी लागते. गावातल्या दुकानदाराला ती बाई नावानिशी ठाऊक असते. तिने जुनीच चिठ्ठी पुन्हा पुढे केली, तर गोळ्यांची पट्टी काढण्यापूर्वी 'काकू, ही नेमकी कोणासाठी?' एवढे त्याने विचारावे.