कुऱ्हाडीच्या हाती हातोडा नको

यंत्राच्या हाती अधिकार सोपवण्याची घाई झालेल्या मंडळींचा एक आवडता युक्तिवाद आहे: चूक झालीच तर 'बॅकअप' आहे. हा युक्तिवाद आम्हांस मान्य नाही. साहित्याच्या अभ्यासकांनी तर तो सर्वांआधी नाकारायला हवा.

काम सांगितले की स्वतःच आज्ञा देत फायली उघडणारी, बदलणारी आणि पुसणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आता सर्रास वापरात आहेत. त्यांना 'एजंट' म्हणतात. जुलै २०२५ मध्ये रेप्लिट या अमेरिकन कंपनीच्या एजंटाने जेसन लेमकिन या उद्योजकाचा चालू माहितीसाठा पुसून टाकला, तोही काही बदलू नये अशी ताकीद असताना. १,२०० हून अधिक व्यक्तींच्या नोंदी त्यात होत्या. माहिती परत मिळणार नाही, असेही एजंटाने सांगितले, ती मिळाली. पुढे कंपनीने प्रयोगाचा साठा आणि चालू साठा वेगळे करण्याचे जाहीर केले. आमचा प्रश्न असा की, पुसण्याची आज्ञा मुळात त्याच्या हाती होतीच का? ताकीद म्हणजे शब्द, कुलूप म्हणजे वस्तू. शब्दांवर जगणाऱ्यांनीही हा भेद विसरू नये.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलाला तो भेद जुना आहे. आलापल्लीकडे सरकारी जंगलातला साग तोडायचा, तर आधी कार्य आयोजनेत त्या कूपाची पाळी यावी लागते. मग वनखात्याचा माणूस झाडावर हातोड्याने ठसा उमटवतो, आणि त्यानंतरच कुऱ्हाड चालते. बुडाशी मारलेला ठसा खुंटावर शिल्लक राहतो. ही व्यवस्था निर्दोष आहे असे कोण म्हणेल? चोरटी तोड होतेच. पण ठसा नसलेला खुंट त्या चोरीची साक्ष देतो. २००९ साली सामूहिक वनहक्क मिळालेल्या मेंढा (लेखा) गावात तर ग्रामसभा बहुमतावरही थांबत नाही. सर्वसहमती होईपर्यंत चर्चा चालते. यात वेळ जातो, हे खरे. तोडलेले झाड मात्र वेळ देऊन परत उभे करता येत नाही.

आता आपल्या अंगणात येऊ. समजा, माडिया आणि गोंडी गीतांच्या ध्वनिमुद्रणांचा एखादा संग्रह आहे आणि एजंटाला सांगितले, "जादा प्रती काढून जागा मोकळी कर." भामरागडला आणि एटापल्लीला गायिलेले एकच गीत, नाव तेच, लांबीही जवळपास तीच. यंत्र त्याला नक्कल म्हणेल, आपण पाठभेद म्हणतो. आपली विद्या जिथे सुरू होते, नेमके तेच ते 'सफाई' म्हणून काढून टाकील. बॅकअपलाही त्याचा हात पोहोचत असेल, तर तोही गेला. आणि गाणारी म्हातारी हयात नसेल, तर पुन्हा कोणाकडे जायचे?

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. एजंटाने वाचावे, याद्या कराव्यात, संशयित प्रतींवर खूण करावी. पुसण्याची आज्ञा त्याला उपलब्धच नसावी. ती जबाबदार माणसाकडे राहावी. काढलेली फाइल काही काळ बाजूला ठेवावी, आणि कोणी, का काढली याची नोंद एजंटाला पुसता येऊ नये. त्या माणसानेही समोर आलेल्या यादीवर डोळे मिटून सही करू नये. दोन्ही मुद्रणे कानांनी ऐकल्याखेरीज ठसा उमटता कामा नये.