दाखले किती, यापेक्षा दाखला कशाचा?

मागच्या पावसाळ्यात लसीकरणाच्या दिवशी आमच्या वस्तीतली एक आई नऊ महिन्यांचं बाळ कडेवर घेऊन आली, पण रांगेत उभी राहिना. तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. "ताई, हे वाचा. दिरांनी पाठवलंय." मेसेजमध्ये लिहिलं होतं की गोवराच्या लसीने मुलं स्वमग्न होतात. लंडनच्या डॉक्टरने हे जगातल्या नावाजलेल्या जर्नलमध्ये छापलंय आणि हजारावर शास्त्रज्ञांनी त्याचा दाखला दिलाय. "एवढे शिकलेले लोक खोटं बोलतील का, ताई?"

प्रश्न रास्त होता. शिक्षणाने आपल्याला उभं केलं, म्हणून शिकलेल्या माणसाच्या शब्दाला आपल्या घरात वजन आहे. आणि गंमत अशी की मेसेजमधली माहिती खरीच होती. निबंध छापला गेला होता, जर्नल मोठं होतं, दाखलेही हजारावर होते. तरीही निष्कर्ष साफ खोटा होता. हे कसं होतं, ते आपल्या घराघरात कळायला हवं.

शास्त्रज्ञ काही नवं शोधतो तेव्हा तो शोधनिबंध लिहितो. निबंधाच्या शेवटी आधीच्या कोणाकोणाच्या कामाचा आधार घेतला त्याची यादी असते. या यादीत नाव येणं म्हणजे दाखला मिळणं. अमेरिकेतल्या युजीन गारफील्ड यांनी १९६०च्या दशकात या दाखल्यांची पद्धतशीर नोंदवही सुरू केली. हेतू चांगला होता, एका शोधाचा धागा धरून पुढच्या शोधापर्यंत जाता यावं. पण पुढे या नोंदवहीवरून माणसं मोजायला सुरुवात झाली. २००५ साली हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने एच-इंडेक्स काढला. एखाद्याचे वीस निबंध असे असतील की प्रत्येकाला किमान वीस दाखले मिळालेत, तर त्याचा एच-इंडेक्स वीस. आज नोकरी, बढती, संशोधनाचा पैसा, सगळीकडे हा आकडा विचारला जातो.

माझं म्हणणं सरळ आहे. हा आकडा किती लोक बोलले ते सांगतो. काय बोलले आणि ते खरं ठरलं का, ते सांगत नाही.

आता त्या लंडनच्या डॉक्टरचं बघू. अँड्र्यू वेकफिल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फेब्रुवारी १९९८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निबंध छापला. त्यात फक्त १२ मुलं होती. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. पुढे ब्रायन डीअर या पत्रकाराने खणून काढलं की लस कंपन्यांवर दावा लावणाऱ्या वकिलांकडून वेकफिल्ड यांना पैसे मिळत होते आणि ते त्यांनी लपवलं होतं. २०१० साली 'लॅन्सेट'ने निबंध रद्द केला आणि त्याच वर्षी ब्रिटनच्या वैद्यकीय परिषदेने वेकफिल्ड यांचं नाव डॉक्टरांच्या नोंदणीतून काढलं. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांत स्वमग्नतेचा फरक सापडला नाही.

मग हजारावर दाखले कुठून आले? त्यातले बहुतेक दाखले 'हा निबंध चुकीचा आहे' असं सांगणाऱ्यांचे होते. मोजणीच्या वहीत शिवीही एक आणि शाबासकीही एकच. दरम्यान ब्रिटनमध्ये लसीकरण घसरलं आणि गोवर परतला. आपल्याकडे २०२२च्या शेवटी मुंबईत गोवंडीसारख्या वस्त्यांत गोवर पसरला, लेकरं दगावली. त्यामागे कोविडच्या काळात चुकलेले डोस होते, कुपोषण होतं, दाटीवाटी होती, आणि लसीची भीतीही होती. भीतीची किंमत मोठ्या जर्नलला मोजावी लागत नाही, आपल्या वस्तीला मोजावी लागते.

दुसरा माणूस याच्या अगदी उलट. शंभूनाथ डे. जन्म १९१५, बंगालच्या हुगळी जिल्ह्यातल्या एका खेड्यात. कोलकात्याच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत त्यांनी काम केलं. कॉलऱ्याचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी कोलकात्यातच १८८४ साली ओळखला होता, पण तो जंतू माणसाच्या अंगातलं पाणी नेमकं कसं काढून घेतो हे पाऊणशे वर्षं उलगडत नव्हतं. डे यांनी सशाच्या आतड्याचा एक तुकडा दोन्ही बाजूंनी दोऱ्याने बांधला आणि मधल्या भागात कॉलऱ्याचे जंतू सोडले. तो भाग पाण्याने फुगला. मग त्यांनी जंतू वाढवलेलं पाणी गाळून घेतलं, एकही जंतू ठेवला नाही, आणि नुसतं ते पाणी सोडलं. आतडं तरीही फुगलं. म्हणजे जंतू एक विष सोडतो आणि ते विष आतड्यातून पाणी खेचून घेतं. हा निबंध १९५९ साली 'नेचर'मध्ये आला. जेमतेम दोन पानांचा!

त्यानंतर कितीतरी वर्षं फारसं कोणी त्याची दखल घेतली नाही. १९६९ मध्ये अमेरिकेत ते विष शुद्ध स्वरूपात वेगळं केलं गेलं, मग जगाचं लक्ष वळलं. १९७८ साली कॉलऱ्यावरच्या नोबेल परिषदेचं स्टॉकहोमहून बोलावणं आलं, तेव्हा डे निवृत्त होऊन पाच वर्षं झाली होती. नोबेलविजेते जोशुआ लेडरबर्ग यांनी त्यांचं नाव नोबेलसाठी एकाहून अधिक वेळा सुचवलं. आपल्या देशातल्या विज्ञान अकादमींनी मात्र त्यांना फेलो म्हणून निवडलं नाही. १९८५ मध्ये ते गेले. १९८६ साली त्यांच्या कामावर सविस्तर लेख लिहिला तो खुद्द गारफील्ड यांनी, दाखल्यांची वही सुरू करणाऱ्यानेच. म्हणून मी मोजणी फेकून द्या म्हणत नाही. मोजणीनेच शेवटी डे यांचं नाव वर आणलं, पण तोवर ते हयात नव्हते.

याचा आपल्याशी काय संबंध? मी नर्सिंगचा डिप्लोमा करून नोकरीला लागले तेव्हा पावसाळ्यात गॅस्ट्रोचा वॉर्ड भरून जायचा. एका खाटेवर दोन-दोन लेकरं. बहुतेक आपल्यासारख्याच वस्त्यांतली, जिथे नळाच्या पाइपाशेजारून गटार वाहतं. कोरड्या पडलेल्या बाळाला शीर सापडत नसायची, तेव्हा चमच्याने पाजलेल्या मीठ-साखरेच्या पाण्याने ते डोळे उघडायचं. कॉलऱ्यात आतडं सडून जात नाही, विषामुळे पाणी सुटतं, आणि मीठ-ग्लुकोज एकत्र दिलं तर तेच आतडं पाणी परत शोषून घेतं. ही समज अनेकांच्या कामातून आली. डे यांचं काम ही तिची एक भक्कम पायरी. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपात हे पाणी कालवून नातेवाइकांच्या हातून रुग्णांना पाजलं. शंभरातले तीसच्या आसपास दगावत होते, ते प्रमाण चारच्या खाली आलं. आज त्या पाण्याला आपण ओआरएस म्हणतो. चमच्याने पाजणाऱ्या आईचा दाखला मात्र कुठल्याच वहीत चढत नाही.

आणखी एक गोष्ट. आपल्या वस्तीतली मुलं-मुली आता पीएच.डी.पर्यंत पोचली आहेत. त्यांना निबंधांची संख्या विचारली जाते, आणि पैसे भरा, आठवड्यात छापून घ्या म्हणणारी जर्नल्स त्यांना गाठतात. घरात पहिल्यांदाच कोणी शिकतंय, सांगणारं कोणी नाही. दोष मी मुलांना देत नाही, आकड्यावर माणूस तोलणाऱ्या व्यवस्थेला देते. पण मुलांनो, एक खरा निबंध लिहा. डे यांची यादी काही शेकड्यांची नव्हती.

आणि घरच्यांनो, पुढच्या वेळी 'मोठ्या डॉक्टरने सिद्ध केलंय' असा मेसेज आला तर चार गोष्टी विचारा. किती माणसांवर बघितलं? दुसऱ्या कोणी तपासून तेच निघालं का? पैसा कोणाचा होता? तो निबंध आज टिकून आहे की मागे घेतलाय? उत्तर सापडलं नाही तर मेसेज पुढे पाठवू नका, आशाताईंना किंवा दवाखान्यातल्या सिस्टरला दाखवा.

ती आई त्या दिवशी लस न देताच परत गेली. मी तिच्या घरी दोनदा गेले. दुसऱ्यांदा दीरही बसले होते. त्यांना १२ मुलांची आणि साडेसहा लाख मुलांची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "हे मेसेजमध्ये नव्हतं." पुढच्या सत्राला बाळाला पहिला डोस मिळाला. दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान. तुमच्या घरातलं कार्डही आज एकदा उघडून बघा.