छायाचित्राखालची चिठ्ठी

पक्षी, फुलपाखरे, तळी आणि सूर्यास्त यांची जेवढी छायाचित्रे आज भारतात काढली जातात, तेवढी यापूर्वी कधीही काढली गेली नव्हती. त्यांतील बहुतेक छायाचित्रे ‘शुभ सकाळ’च्या गर्दीत एक दिवस जगतात आणि नाहीशी होतात. याचे दुःख सौंदर्याच्या दृष्टीने फारसे नाही. सूर्यास्त उद्याही होणार आहे. विज्ञानाच्या दृष्टीने मात्र हे नुकसान भरून न येणारे आहे. विशिष्ट दिवशी, विशिष्ट ठिकाणी तो पक्षी होता, याचा पुरावा पुन्हा निर्माण करता येत नाही. आणि तो पुरावा चित्राच्या देखणेपणात नसतो. तो चित्राखालच्या चिठ्ठीत असतो: कुठे, केव्हा, कोणी पाहिले. एककाविना आकड्याला भौतिकशास्त्रात जेवढा अर्थ, तेवढाच स्थळकाळाविना छायाचित्राला निसर्गविज्ञानात.

चिठ्ठीचे मोल किती, हे रानपिंगळ्याच्या इतिहासाइतके स्पष्टपणे दुसरे काही सांगत नाही. या छोट्या घुबडाचा पहिला नमुना १८७२ मध्ये ब्लूइट या इंग्रज अधिकाऱ्याने फुलझर भागात मिळवला. तो भाग आज छत्तीसगडच्या महासमुंद जिल्ह्यात, रायपूरच्याही पूर्वेला येतो. पुढच्याच वर्षी ॲलन ह्यूम यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि ब्लूइटचे नाव पक्ष्याला जोडले गेले. त्यानंतर जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने खानदेशात, सातपुड्याच्या पायथ्याशी आणखी नमुने गोळा केले. १८८४ नंतर मात्र हा पक्षी कोणालाच दिसला नाही. जगभरातल्या संग्रहालयांत मिळून त्याचे जेमतेम सात नमुने उरले.

त्या सातांपैकी एक नमुना कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांच्या संग्रहातला होता. हा पक्षी १९१४ मध्ये गुजरातेतील मांडवी येथे मिळाला, असे त्याची चिठ्ठी सांगत होती. विसाव्या शतकातील ती एकमेव नोंद असल्याने तिला साहजिकच वजन आले. १९९० च्या दशकात पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी त्या कातड्याची बारकाईने तपासणी केली, तेव्हा निराळेच उघडकीस आले. तो पक्षी मांडवीचा नव्हताच. डेव्हिडसनने खानदेशात मिळवलेला नमुना ब्रिटिश संग्रहालयातून चोरून, नव्याने भरून, त्याला खोटी चिठ्ठी लावण्यात आली होती. पक्षी खरा होता, कातडे खरे होते, पिसे खरी होती. खोटे होते ते केवळ चार शब्द. पण त्या चार शब्दांनी रानपिंगळ्याचे अस्तित्व नकाशावर चुकीच्या जागी नेऊन ठेवले होते.

मांडवीची नोंद बाजूला सारून, खऱ्या स्थळांच्या जुन्या नोंदी हाती धरून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे तिघे १९९७ मध्ये भारतात आले. २५ नोव्हेंबर रोजी शहाद्याजवळच्या रानात, त्या काळच्या धुळे जिल्ह्यात, भरदिवसा त्यांना रानपिंगळा दिसला. ११३ वर्षे हरवलेला पक्षी ज्या प्रदेशात डेव्हिडसनने पाहिला होता, त्याच प्रदेशात बसलेला होता. प्रामाणिक चिठ्ठीने एका शतकानंतरही वाट दाखवली; अप्रामाणिक चिठ्ठीने दीर्घकाळ दिशाभूल केली. पुढे २०१४ मध्ये ठाणे जिल्ह्यातील तानसा अभयारण्यात हाच पक्षी आढळला, तेव्हा ती नोंद छायाचित्राच्या आधाराने उभी राहिली. नमुन्यासाठी पक्षी मारण्याची गरज उरली नव्हती.

आज प्रत्येक मोबाइल म्हणजे एक छोटे संग्रहालय आहे. छायाचित्र टिपताच दिनांक आणि वेळ, आणि परवानगी दिलेली असल्यास अक्षांश-रेखांशही, त्या फाइलमध्ये आपोआप नोंदले जातात. डेव्हिडसनला जी चिठ्ठी शाईने लिहावी लागे, ती यंत्र स्वतःच लिहिते. परंतु तेच छायाचित्र व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या रीतीने पाठवले, की प्रतिमा दाबून लहान केली जाते आणि ही माहिती गळून पडते. तिसऱ्या समूहापर्यंत पोहोचेतो काढणाऱ्याचे नावही उरत नाही. मग सायबेरियातला बगळा ‘आमच्या तलावावर’ म्हणून फिरू लागतो. रंग भडक करणे, पार्श्वभूमी बदलणे आणि आता संगणकाकडून आख्खा पक्षीच रचून घेणे इतके सोपे झाले आहे, की माइनर्ट्झहागेन यांना ज्यासाठी चोरी करावी लागली, ते आज घरबसल्या होते.

याच्या उलट, चिठ्ठी जपलेल्या हौशी नोंदींनी काय साधते, हे ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स’ या २०२३ च्या अहवालाने दाखवून दिले. सुमारे ३०,००० पक्षीनिरीक्षकांनी ई-बर्डवर नोंदवलेल्या ३ कोटींहून अधिक निरीक्षणांच्या आधारे ९४२ जातींचे मूल्यमापन त्यात झाले. ज्या ३३८ जातींचा दीर्घकालीन कल काढता आला, त्यांपैकी ६० टक्के जाती घटल्या आहेत. अलीकडचा वार्षिक कल ज्या ३५९ जातींबाबत मिळाला, त्यांतील ४० टक्के घटत आहेत. या नोंदींत छायाचित्रे कमी आणि याद्या अधिक आहेत, हे खरे. परंतु नोंद अनपेक्षित असली की तपासणारा पहिली मागणी छायाचित्राचीच करतो.

या अहवालातील सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट दुर्मीळ पक्ष्यांविषयी नाही. ती नीलपंखाविषयी आहे. दसऱ्याला ज्याचे दर्शन शुभ मानतात, तो नीलकंठ हाच. तारांवर बसणारा, शेतांवरून निळी झळाळी उधळत जाणारा हा पक्षी सुमारे बारा वर्षांत ३० टक्क्यांच्या आसपास घटला, असे या नोंदी सांगतात. त्याची जागतिक स्थिती नव्याने तपासावी, अशी शिफारसही अहवालात आहे. एखादी जात दुर्मीळ झाली की सर्वांच्या लक्षात येते. सामान्य जात हळूहळू कमी होताना मात्र कोणालाच दिसत नाही, कारण तिचे छायाचित्र काढण्यासारखे काय आहे, असे सर्वांनाच वाटत असते.

येथे मापनाचा एक मूलभूत प्रश्न उभा राहतो. नीलपंख कमी दिसतो, की कमी लोक त्याला टिपतात? केवळ छायाचित्रांच्या ढिगातून याचे उत्तर मिळत नाही. त्यासाठी ‘नाही’चीही नोंद लागते. पक्षीनिरीक्षक जेव्हा पंधरा-वीस मिनिटे एका ठिकाणी थांबून दिसलेल्या आणि ओळखता आलेल्या सर्व पक्ष्यांची पूर्ण यादी देतो, तेव्हा यादीत नसलेला पक्षी हीसुद्धा माहिती ठरते. अशा शंभर याद्यांपैकी पूर्वी किती याद्यांत नीलपंख होता आणि आता किती याद्यांत आहे, या प्रमाणातून कल काढला जातो. शोधकाने काहीच टिपले नाही, म्हणजे तेथे काहीच नव्हते, असे प्रयोगशाळेत म्हणता येत नाही. शोधक किती वेळ सुरू होता, हे आधी विचारावे लागते. कावळा, साळुंकी, पारवा यांना वगळून केवळ ‘खास’ पक्ष्यांची छायाचित्रे टाकणारा हौशी कलावंत नकळत हा शोधक बंद ठेवत असतो.

म्हणूनच नकाशावरील खऱ्या रिकाम्या जागा घनदाट जंगलांत नसतात. ताडोबा आणि कान्हा येथे कॅमेऱ्यांची वाण नाही. वाण आहे ती दुर्गजवळच्या रसमडासारख्या गावांत. मुंबई-हावडा लोहमार्गावरचे एक छोटे स्थानक, जवळून वाहणारी शिवनाथ, शेजारी बोरईचे औद्योगिक क्षेत्र, पलीकडे भिलाईचा पोलाद कारखाना, आणि अधूनमधून छत्तीसगडच्या गावागावांत असतात तशी तळी आणि धानाची शेते. अशा ठिकाणी कोणी पक्षी पाहायला मुद्दाम जात नाही. आणि बदल सर्वांत वेगाने घडतो तोही अशाच ठिकाणी. रसमड्यातील एखाद्या विद्यार्थिनीने एकाच तळ्याच्या एकाच काठावरून दर महिन्याला पंधरा मिनिटांची यादी केली, तीसोबत साध्या मोबाइलवरील चार छायाचित्रे ठेवली आणि हा क्रम पाच वर्षे चालवला, तर ताडोबातील हजाराव्या वाघाच्या छायाचित्रापेक्षा त्या कंटाळवाण्या चित्रांचे मोल कितीतरी अधिक असेल.

फुलपाखरांच्या बाबतीत तर छायाचित्र हेच आता अभ्यासाचे मुख्य साधन झाले आहे. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातील कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेले ‘बटरफ्लाइज ऑफ इंडिया’ हे संकेतस्थळ हौशी लोकांच्या तपासून घेतलेल्या छायाचित्रांवर उभे आहे. तेथे नोंदीसाठी देखणेपणा पुरत नाही. रुईवर वाढणारे प्लेन टायगर हे फुलपाखरू भक्ष्यकांना बेचव लागते. डॅनेड एगफ्लाय या वेगळ्या उपकुळातील फुलपाखराची मादी हुबेहूब त्याचे रूप घेऊन स्वतःचा बचाव करते. दोघांतील फरक मुख्यतः मागच्या पंखावरच्या काळ्या ठिपक्यांत असतो. फुलाच्या आड तो पंख लपलेले सुंदर छायाचित्र भिंतीवर शोभेल, पण जात ठरवायला निरुपयोगी ठरेल. पंखांच्या दोन्ही बाजू दाखवणारी दोन साधी छायाचित्रे मात्र काम करतील. निसर्गदृश्यांचेही तसेच. ‘सीझनवॉच’ या उपक्रमात शाळकरी मुले एकाच झाडाची आठवड्यामागून आठवडे नोंद ठेवतात. ‘पळस फुलला’ ही कविता आहे. ‘हा पळस यंदा या तारखेला फुलला’ ही त्या कवितेला जोडलेली मोजणी आहे.

आता एक खरा पेच. स्थळ अचूक सांगावे, असे विज्ञान म्हणते; पण अचूक स्थळ उघड झाले की घरट्याभोवती कॅमेऱ्यांची जत्रा जमते, ध्वनिमुद्रित साद वाजवून पक्ष्याला वारंवार बाहेर बोलावले जाते आणि चोरट्या शिकाऱ्यांनाही आयता पत्ता मिळतो. रानपिंगळ्यासारखा, ठरावीक रानाला चिकटून राहणारा पक्षी अशा प्रेमाचा सहज बळी ठरतो. मग स्थळ खोटे सांगावे काय? कदापि नाही. लपवणे आणि खोटे सांगणे या दोन भिन्न कृती आहेत. आयनॅचरलिस्टवर संकटग्रस्त जातीची नोंद केली, की अचूक स्थळ नोंदीत सुरक्षित राहते आणि लोकांना मात्र सुमारे २० किलोमीटर बाजूच्या चौकोनातील एक धूसर बिंदू दिसतो. ई-बर्डही संवेदनशील जातींची स्थळे झाकून ठेवते. अनिश्चितता मोठी ठेवणे मापनशास्त्राला मान्य आहे; मूल्य बदलणे मान्य नाही. समाजमाध्यमावर ‘सातपुडा, हिवाळा’ एवढेच लिहावे, संशोधनाच्या नोंदीत मात्र पूर्ण खरे लिहावे. घरट्यांची छायाचित्रे तर न काढणे हेच सर्वांत चांगले.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा, की छंदाला कारकुनीचे जोखड कशाला? पण दिनांक आणि गावाचे नाव लिहायला अर्धा मिनिट लागतो, आणि ज्याला पक्षी खरोखर आवडतो, त्याला तो पुढच्या पिढीलाही दिसावा असे वाटणे स्वाभाविक आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: हौशी नोंदी चुकांनी भरलेल्या असतात. त्या असतातच. रविवारी आणि शहरालगत नोंदी अधिक होतात, नवशिक्यांची ओळख चुकते. परंतु चूक कोणत्या दिशेची आहे हे ठाऊक असेल, तर विश्लेषणात तिची भरपाई करता येते. यादृच्छिक चुका संख्येने क्षीण होतात. पद्धतशीर चुका स्थळ, काळ आणि श्रम यांच्या नोंदीतून पकडता येतात. भरपाई होत नाही ती केवळ हेतुपुरस्सर खोट्याची आणि कायमच्या हरवलेल्या चिठ्ठीची.

दर फेब्रुवारीत ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट होतो. २०१३ पासून भारतही त्यात सहभागी आहे आणि महाविद्यालयांच्या आवारांत त्याच दिवसांत पक्षिगणना केली जाते. विद्यार्थ्यांसाठी याहून सोपा प्रारंभ नाही. भारी लेन्स नको, अभयारण्याचे तिकीट नको. वसतिगृहाच्या गच्चीवरून दिसणारी साळुंकीसुद्धा चालेल. कारण २०५० मध्ये कोणी विचारील, की २०२० च्या दशकात रसमड्याच्या तारांवर नीलपंख बसत होता काय, तेव्हा उत्तर कोणत्याही कलादालनात सापडणार नाही. ते एखाद्या साध्या, किंचित अस्पष्ट छायाचित्राखाली असेल. मात्र त्या खाली दिनांक, गाव आणि खरेपणा या तीन गोष्टी असल्या पाहिजेत.