कुकरची रिंग बदलतो, मग कॉम्प्युटर का फेकतो?



कुकरची वाफ बाजूने जायला लागली म्हणून आपण कुकर फेकत नाही, रिंग बदलतो. पण दुकानातला मुलगा "काकू, ह्याचं आयुष्य संपलं" म्हणाला की चालता कॉम्प्युटर माळ्यावर जातो आणि नव्याचे हप्ते सुरू होतात. हे मला मुळीच पटत नाही.

आयुष्य नक्की कशाचं संपलं? १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सांभाळ थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि साधारण २०१८ च्या आसपासचा किंवा नंतरचा प्रोसेसर लागतो. म्हणजे २०१५ चं यंत्र बाद झालं ते बिघडलं म्हणून नव्हे, कंपनीच्या यादीत बसलं नाही म्हणून. आणि आपण मुकाट्याने मान डोलावतो!

लिनक्स म्हटलं की "ते इंजिनिअर लोकांचं" असं उत्तर येतं. केरळच्या सरकारी शाळांतली मुलं त्यावरच कॉम्प्युटर शिकतात. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने सुरू केलेलं हे काम आज जगभरातली माणसं मिळून पुढे नेतात. विकत घ्यावं लागत नाही.

आमच्या घरी २००९ चा डेस्कटॉप आहे, कोअर टू ड्युओचा. आतली धूळ ब्रशने काढली. दोन जीबी रॅमची चार केली. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली. खरा फरक पडतो तो इथे. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेलही बदलला. तो संपला की तारीख मागे जाते, आणि तारीख चुकली की बँकेची साइटसुद्धा उघडत नाही. लोक म्हणतात, "मशीन गेलं"! मग पेन ड्राइव्हवरून लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घातली. आधी पेन ड्राइव्हवरूनच चालवून बघता येते, पटली तरच बसवायची. पत्रं, हिशेब, मराठी टायपिंग, मुलांचे व्हिडिओ, सगळं चालतं. ब्राउझरमध्ये वीस पानं एकदम उघडलीत तर मात्र धाप लागेल.

सगळ्यांनाच हे लागू नाही. दुकानाचे हिशेब टॅलीवर असतील तर ते मशीन विंडोजवरच ठेवा. टॅली लिनक्ससाठी येत नाही. प्रिंटर जुना असेल तर आधी जोडून बघा. आणि पेंटियम ४ च्या काळातला डबा असेल तर त्याच्यामागे लागू नका. तो वीज खातो, आणि ३२-बिटची साथ आता बहुतेकांनी सोडली. डेबियननेही २०२५ च्या आवृत्तीत त्याचा इन्स्टॉलर दिला नाही. असा डबा नोंदणीकृत ई-कचरा केंद्रातच द्या.

भंगारवाल्याला का नको? दिल्लीचं सीलमपूर, उत्तर प्रदेशातलं मुरादाबाद इथे अशा डब्यांचं काय होतं याच्या बातम्या वर्षानुवर्षं येताहेत. तांब्यासाठी वायरी जाळायच्या, सर्किट बोर्ड ॲसिडात बुडवायचे, तेही उघड्या हातांनी. पाणी गाळून पिणारी आपण माणसं. हा धूर कुणाच्या छातीत जातो हे विचारायला नको?

आणखी एक सवय मला खटकते. बंद पडलेला कॉम्प्युटर कामवाल्या ताईंच्या मुलीला देऊन टाकायचा आणि त्याला दान म्हणायचं. त्या पोरीने तो दुरुस्त करायला पैसे कुठून आणायचे? द्यायचाच असेल तर एसएसडी घालून, लिनक्स बसवून, मराठी कीबोर्ड सुरू करून द्या. पासवर्ड कागदावर लिहून द्या. आणि हो, लिनक्स बसवताना डिस्क पुसली जाते, तेव्हा लग्नाचे, यात्रेचे फोटो आधी दोन ठिकाणी काढून ठेवा.