उशागतची फळी

मागील अंकांत आम्हीं देवघरांतील चौरंगाविषयीं चार शब्द लिहिले होते. ते वाचून एका वाचक भगिनींनीं कळविलें आहे कीं, देवांच्या आसनाचा एवढा विचार केलात, तर आतां माणसांच्या शय्येचाही थोडा करा. त्यांच्या घरीं धाकट्या दिरांचें लग्न ठरलें असून, नव्या पलंगाला उशाकडून कोणती फळी लावावी ह्यावर आठ दिवस वाद चालला आहे. सासूबाईंस कोरीव सागवानी फळी हवी, दिरांस शहरांत पाहिलेली गादीसारखी मऊ पाठ हवी, आणि मामंजी म्हणतात कीं, भिंत असतां फळी हवीच कशाला? पत्र वाचून प्रथम आम्हांस हंसूं आलें. पण लागलीच आमच्याच माडीवरील एका फळीची आठवण झाली आणि तें मावळलें. म्हणून ह्या महिन्यांत हाच विषय घेतों.

दुकानांतून ह्या फळीस 'हेडबोर्ड' म्हणतात, आणि सुतारही आतां तोच शब्द वापरतो. आमच्या बाळपणीं घरांत सुंभाच्या बाजा आणि नवारीचे दोन पलंग होते. बाजेला दोन्ही टोंकें सारखींच; जिकडे उशी ठेवावी ती उशागत, आणि दुसरी ती पायगत. फळीवांचून आमचें कांहीं अडलें नाहीं, हें मामंजींचें म्हणणें खरें आहे. परंतु तेव्हां बाज ओसरीवर किंवा अंगणांत पडे व सकाळीं उभी करून ठेवली जाई. अंथरुणावर बसून वाचीत राहण्याची मुभाही कोणास नव्हती. आज पलंग बाराही महिने एकाच भिंतीस टेकलेला असतो. तेल लावलेलीं डोकीं त्या भिंतीस लागून वर्षभरांत तेथें काळा डाग उमटतो. भिंतीस चुना असेल तर तो केंसांस लागतो. उशी मागें घसरते. वडील माणसांस उठून बसावयास पाठ हवी असते. आणि ह्या फळीचा खरा उपयोग कोणास होत असेल, तर रात्रीं दोन दोन वेळां उठून तान्ह्या मुलास पाजणाऱ्या आईस. माघाच्या थंडींत तिची पाठ उघड्या भिंतीस टेकूं नये, एवढ्यासाठीं तरी फळी असावी असें आमचें मत आहे.

शय्येचा विचार पूर्वसूरींनींही हलका मानला नाहीं. सहाव्या शतकांत वराहमिहिरानें बृहत्संहितेंत शय्या आणि आसनें ह्यांवर एक स्वतंत्र अध्याय लिहिला आहे. आठ यव शेजारीं शेजारीं मांडून होणाऱ्या अंगुलाच्या मापानें राजाची शय्या १०० अंगुलें, राजपुत्राची ९०, मंत्र्याची ८४, सेनापतीची ७८ आणि पुरोहिताची ७२, असें त्यानें सांगितलें आहे. शाळामास्तराचें माप दिलेलें नाहीं. तें ७२ च्या खालींच कोठें तरी असावें! लांकडांत चंदन, देवदार, शाल, शिवण, साग, शिसव इत्यादि तो प्रशस्त मानतो, आणि वीज पडून, वादळानें अथवा हत्तीनें पाडलेल्या झाडाचें लांकूड वर्ज्य ठरवितो. शकुनाचा भाग सोडला तरी, आघातानें पडलेल्या झाडास आंतून चिरा जातात हें सुतारही सांगेल. पुढें त्यानें लांकडांतील छिद्रांचे सहा प्रकार नांवांनिशीं दिले आहेत. त्यांतील एकाचें नांव 'सूकरनयन', म्हणजे डुकराचा डोळा. ह्यांतलें आज कामास येणारें एवढेंच कीं, फळी घेतांना ती उलटून पाठीमागून पाहावी. पुढच्या बाजूचीं छिद्रें लांबी भरून व पॉलिश चढवून बुजविलेलीं असतात. मागच्या बाजूस ती मेहनत सहसा कोणी घेत नाहीं.

हा अध्याय आम्हीं चांगला वाचलेला होता. तरी जें करूं नये तें आम्हीं केलेंच.

२०१६ सालीं थोरल्या चिरंजीवांच्या लग्नाच्या वेळीं आम्ही पुण्यास एका मोठ्या दुकानांत गेलों. तेथें पांच फूट उंचीची एक फळी उभी होती: दोन बाजूंस दोन मोर, मध्यें कमळ, वर वेलबुट्टीचा तुरा. ती पाहतांच आम्ही भान हरपलों. निवृत्तीच्या वेळीं हातीं आलेल्या पैशांतून एकट्या फळीचे ३८ हजार रुपये मोजले, आणि गादी मात्र हात आखडून साधीच घेतली. घरीं आल्यावर कळलें कीं सहा फूट रुंदीची ती सलग फळी आमच्या वाड्याच्या जिन्यांतून वर जात नाहीं. चौघांनीं दोर बांधून ती सज्ज्यावरून ओढून घेतली. सारी आळी पाहावयास जमली होती, आणि खरें सांगावयाचें तर, त्याचाही आम्हांस अभिमानच वाटला.

आमच्याकडे उत्तरेस डोकें करून निजत नाहींत. विष्णुपुराणांतही पूर्व किंवा दक्षिण सांगितली आहे. त्या खोलीच्या दक्षिणेस जिना आहे. राहिली पूर्वेची भिंत, आणि खोलीची एकुलती खिडकी तीत. जुन्या वाड्यांतील खिडक्या ठेंगण्या असतात, कारण माणसें जमिनीवर बसत आणि बसल्या ठिकाणीं त्यांस वारा लागावा अशी योजना असे. आमची ती खिडकी जमिनीपासून दोन फुटांवर सुरू होऊन पांच फुटांवर संपते. म्हणजे मोरांनीं ती सगळीच गिळली. झडपा बाहेर उघडणाऱ्या. पण कडीपर्यंत हातच पोंचेना, तेव्हां त्या एकदां लागल्या त्या लागल्याच. "खिडकी काय, मागें आहेच," असें आम्हीं म्हटल्याचें स्मरतें.

सूनबाईंनीं कधीं एक शब्द काढला नाहीं. उन्हाळ्यांत त्या मुलांस घेऊन माजघरांत निजत. विचारलें तर "मुलांना इथें बरं वाटतं" म्हणत. गेल्या वैशाखांत धाकट्या चिरंजीवांच्या खोलीची गोष्ट निघाली, आणि आमची सौ. म्हणाली कीं तशीच मोरांची फळी याही खेपेस आणावी, दोघी सुनांत भेद नको. सूनबाई पानें वाढीत होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "मामंजी, फळी कशीही आणा, पण तिची खिडकी तेवढी मोकळी राहूं द्या." पंगतींत कोणी बोललें नाहीं. मागाहून सौ.नें विचारलें तेव्हां उत्तर मिळालें, "मामंजींनीं एवढ्या हौसेनं, स्वतःच्या पैशानं आणलेली वस्तु. कसं बोलायचं?"

त्या दुपारीं सूनबाईंची परवानगी घेऊन आम्ही माडीवर गेलों आणि त्या पलंगावर प्रथमच पाठ टेकून बसलों. एका मोराची चोंच नेमकी मानेच्या वर टोंचते. फळीमागें हात घातला तर जळमटें, ओल आणि पावसाळ्यांतील वाळलेली बुरशी. खोली वैशाखांतल्या भट्टीसारखी तापली होती. आम्ही तेथें पाव तास बसलों असूं. त्यांनीं तेथें आठ-नऊ वर्षें काढलीं होतीं.

तेव्हां आमच्या भगिनींस पहिली सूचना ही कीं, दुकानांत जाण्यापूर्वीं खोलींत जावें. पलंग जेथें यावयाचा तेथें गादीच्या उंचीचें कांहीं तरी ठेवून, ज्याच्यासाठीं फळी करावयाची त्यास भिंतीशीं पाठ लावून बसवावें, आणि खांद्याशीं व डोक्याच्या वर पेन्सिलीनें दोन खुणा कराव्या. फळीची वरची कड ह्या दोहोंच्या मध्यें कोठें तरी आली म्हणजे पुरे. बहुधा जमिनीपासून साडेतीन फुटांच्या आसपास हें माप येतें. त्याहून वरचें सर्व पाहुण्यांकरितां असतें. मग खिडकीचें, विजेच्या बटणांचें आणि जिन्याचें माप घ्यावें. बटणें फळीमागें गेलीं म्हणजे रात्रीं दिवा लावण्यास कोणी तरी उठावें लागतें, आणि तें कोणी तरी कोण असतें हें घरांतल्या बायकांस विचारावें.

लहान खोलींत जाडीचाही हिशेब लागतो. आमची पुतणी पुण्यास फ्लॅटमध्यें राहते. तिची खोली पलंगाच्या लांबीकडून दहा फूट. पलंग साडेसहा फूट. पायगतीकडे दोन फूट खोल कपाट. मग चालावयास उरला दीड फूट. तिला चष्मा, औषधें, पुस्तकें ठेवावयास कप्प्यांची फळी हवी होती, ती नऊ इंच खोल. ती लावली असती तर पाऊण फुटांतून आडवें होऊन जावें लागलें असतें, आणि कपाट उघडलेंच नसतें. तिनें शहाणपणा करून एक इंचाची सपाट फळी भिंतीस बसविली आणि बाजूस एक लहानसा कप्पा काढला. आमच्या वाड्यांतून पूर्वीं उशागतीस कोनाडा असे, त्याचेंच हें काम.

आतां मऊ पाठीविषयीं. दिसावयास ती सुखाची. पण ज्या घरांत डोक्यास तेल लावतात तेथें कापड वर्षांत काळें पडतें. रेक्झीन तेलानें व घामानें कांहीं वर्षांत सोलून निघतें आणि उन्हाळ्यांत पाठीस चिकटतें. बटणें टांचून खळगे पाडलेले असतात, त्यांत धूळ बसते, आणि प्रवासांतून एकादा ढेकूण घरीं आलाच तर त्यास याहून उत्तम बिऱ्हाड नाहीं. नक्षीदार लांकडाच्या खांचांचेंही तेंच. दिरांस मऊच हवी असेल तर साध्या फळीवर बंदांनीं बांधलेली पातळ गादी करावी व तिला काढून धुतां येईल असा अभ्रा घालावा.

लांकडांत साग उत्तम, ह्यांत वाद नाहीं. वाळवी व ओल सोसण्यांत त्याची बरोबरी करणारीं लांकडें थोडीं. कोंकणांत फणसाचें लांकूड जवळ मिळतें. तें प्रथम पिवळें दिसतें आणि वर्षें जातील तसें तांबूस होत जातें, आणि आमच्या डोळ्यांस तें सागाहूनही गोड वाटतें. आंब्याचें स्वस्त खरें, पण कीड लवकर लागते. प्लायवुड घेणें असेल तर त्यावरील छाप पाहावा: भारतीय मानकांत ३०३ हा क्रमांक सर्वसाधारण कामाच्या प्लायवुडचा, व ७१० हा पाण्यांत टिकणाऱ्या प्रकाराचा. पावसाची झड लागणाऱ्या बाहेरच्या भिंतीस दुसरें घ्यावें. लांकडाचे तंतू दाबून केलेल्या पाट्या, ज्यांस एमडीएफ म्हणतात, त्या ओलीनें फुगतात. अशा भिंतीशीं त्या नकोतच. कोणतीही फळी असो, भिंत व ती यांमध्यें बोटभर जागा सोडावी, म्हणजे मागें वारा खेळतो व बुरशी धरत नाहीं. वेताची विणलेली पाठ दमट हवेंत मोकळी व हलकी. मात्र घरांत लहान मुलें असल्यास त्यांचीं बोटें प्रथम तेथेंच जातात.

खर्चाविषयीं आमच्या सुतारानें सहा फुटांच्या पलंगासाठीं दिलेले अंदाज असे: साधी सागाची फळी २८ हजार, प्लायवुडवर सागाचा पातळ पापुद्रा लावलेली १४ हजार, आणि भिंतीस लांकडी दांडी ठोकून तिजवर लोड टांगणें ३ हजार. गांवोगांवीं हे आंकडे बदलतील, पण प्रमाण बहुधा असेंच राहील. आमचा सल्ला असा कीं, पहिला पैसा गादीस, दुसरा पलंगाच्या सांध्यांस, आणि उरेल तो फळीस. कांहींच न उरल्यास मामंजींच्या भिंतीवर लोड टांगावा. त्यानें कोणाचीही मान खालीं जात नाहीं, आणि पुढें सवड झाल्यावर फळी केव्हांही बसवितां येते. कर्ज काढून मात्र फळी करूं नये.

धाकट्या चिरंजीवांसाठीं ह्या खेपेस आम्हीं व्याह्यांस निरोप धाडून मुलीलाच एक दिवस बोलावून घेतलें. आमच्या सौ.ला हें थोडें चमत्कारिक वाटलें, पण तिनेंच तिला वर नेऊन भिंतीशीं बसविलें आणि खुणा केल्या. मुलगी ठेंगणी आहे; तीन फूट दोन इंच पुरे झाले. तिला रात्रीं वाचण्याची सवय, म्हणून डाव्या अंगास पुस्तकापुरता कप्पा मागितला. फळी साध्या प्लायवुडची ठरली, आणि वांचलेल्या पैशांतून गादी चांगली येईल.

थोरल्या खोलींतल्या मोरांचें काय करावें हा प्रश्न होता. सुतार करवत लावावयास धजेना, "गुरुजी, असलं काम आतां कोण करून देतो?" असें तो दोनदां म्हणाला. शेवटीं त्यानें चौकट साडेतीन फुटांवर कापली, वरचा तुरा व मधला कोरीव भाग काढून घेतला, आणि त्या जागीं कांतीव दांडे बसविले, म्हणजे वारा आरपार येतो आणि हात कडीपर्यंत जातो. टेकावयास दांड्यांना एक लोड बांधला आहे. मोर आतां माजघराच्या दारावर आहेत. तेथें ते कोणास टोंचत नाहींत.

खिडकीची कडी गंजली होती, ती सूनबाईंनीं स्वतः तेल घालून सोडविली. पहिल्याच दिवशीं आमच्या नातवानें त्या खिडकीच्या गजांतून आमचा चष्मा खालीं तुळशीवृंदावनाशेजारीं टाकला. तेव्हां आतां तेथें जाळी बसवावयाची आहे; सुतार गुरुवारीं येतों म्हणाला आहे, आणि तिचा खर्च वरच्या अंदाजांत धरलेला नाहीं.