गोंगाट कोणाचा?

हेवी मेटल म्हणजे संगीत नव्हे, गोंगाट, असा निकाल आमच्या शिक्षकांच्या खोलीत परवा लागला. निमित्त होते आठवीतल्या एका मुलाचा मोबाइल. तो जप्त केला मीच, आणि निकाल देणाऱ्यांतही मी होतो. मुलगा ऐकत होता मुंबईच्या 'डेमॉनिक रिझरेक्शन' या बँडचा २०१७ सालचा अल्बम, 'दशावतार'. संध्याकाळी घरी तो मुद्दाम सबंध ऐकला आणि स्वतःची लाज वाटली.

करकरणारी गिटार, धडधडणारे ड्रम, घशातली गुरगुर. आणि त्यांच्यातूनच वर येणारा सरळ गाता गळा, सतारीचे सूर. आरंभी कान किटतात, हे खरे. पण त्या गर्जनेनंतर आलेला हळुवार सूर दुप्पट गोड लागतो.

सहकारी म्हणतात, हे परके आहे, देवांची विटंबना आहे. तुळजापूर ज्या धाराशिव जिल्ह्यात आहे, तिथे राहून आपण हे बोलावे? गोंधळात संबळ कडाडतो आणि शेजारीच एका तारेचे तुणतुणे गुणगुणते. संबळ बंद करा, असे कोणी म्हटले आहे काय? भवानीची मूर्ती महिषासुरमर्दिनीची, हाती शस्त्रे. तरी आपल्या तोंडी 'आई'च. नृसिंह हिरण्यकशिपूला काळ, प्रल्हादाला माउली.

नुसती आदळआपट मलाही नको. पण उत्तरपत्रिका न वाचता नापास करणे हा शिक्षकाचा धर्म नव्हे.

दुसऱ्या दिवशी मोबाइल परत दिला. "सर, ऐकलंत?" त्याने भीत भीत विचारले.

"नृसिंह दोनदा ऐकला," मी म्हणालो.